कैद्याचा दावा आणि त्याचा खातेउतारा

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कैद्यांचे दावे गुणदोषांपर्यंत पोहोचण्याआधीच फीपायी कसे निकाली निघतात, असे तू विचारले होतेस. तू स्वतः वकील आहेस, तेव्हा तपशिलानेच लिहितो.

तुरुंगातील मारहाण किंवा नाकारलेले उपचार यांविरुद्ध कैदी १८७१ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे संघीय न्यायालयात जातो. १९९६ साली क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्यानंतर गरीब कैद्यालाही ३५० डॉलर फी माफ होत नाही, फक्त हप्ते मिळतात. कैद्याच्या तुरुंगातील खात्यावरची मागील सहा महिन्यांची सरासरी मासिक जमा किंवा सरासरी शिल्लक, यांत जी जास्त तिचे २० टक्के आधी भरायचे, आणि पुढे खात्यात दहा डॉलरहून अधिक असले की आदल्या महिन्याच्या जमेचे २० टक्के कापून जातात. घरून महिना तीस डॉलर येत असतील तर सहा कापले जातात आणि फी फिटायला पाचेक वर्षे लागतात. साबण नि टपालाची तिकिटे उरलेल्यातून.

खाते रिकामे आहे म्हणून कुणाला अडवू नये, असे तोच कायदा सांगतो. तरी दावे पडतात, कारण अर्जाला सहा महिन्यांचा प्रमाणित खातेउतारा लागतो आणि तो तुरुंगाच्या कार्यालयातूनच मिळतो. उतारा वेळेत आला नाही, किंवा कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होऊन न्यायालयाचा आदेश जुन्या पत्त्यावर गेला, की मुदत उलटते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हाती हा कागद असणे मला फीच्या रकमेपेक्षा घातक वाटते. चौकशी करून मुदत वाढवून देणारे न्यायाधीशही आहेत, पण ते त्यांच्या मर्जीवर.

क्षुल्लक दावे आवरायला हा कायदा हवा, असे सांगताना पीनट बटर हवे तसे मिळाले नाही म्हणून कोर्टात गेलेल्या कैद्याचा दाखला फार गाजला. न्यायमूर्ती जॉन न्यूमन यांनी कागद पाहून दाखवले की त्याने बरणी परत केली होती, त्याच रात्री त्याची बदली झाली आणि अडीच डॉलर मात्र त्याच्या खात्यातून वळते झाले. तुरुंगात अडीच डॉलर क्षुल्लक नसतात, हे त्या दाखल्यावर हसणाऱ्यांच्या ध्यानातच आले नसावे.

फी किंवा उताऱ्यापायी पडलेला दावा बहुधा पुन्हा लावण्याची मुभा ठेवून काढून टाकतात. पण नव्या दाव्याला नवी फी, जुनीची वसुली सहसा सुटत नाही, आणि अनेक राज्यांत दोन-तीन वर्षांचीच असलेली दाव्याची मुदत तोवर संपलेली असू शकते. आपल्याकडे सुनील बत्रा यांनी तुरुंगातून लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले होते. आज तसे पत्र तुमच्या न्यायालयात आले तर ते कुणाच्या टेबलावर जाते, ते सवडीने कळव.

तुझा,
माधव