चिठ्ठी नसलेल्या वस्तू

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या खेपेला तू आला होतास तेव्हा माझ्या खोलीतल्या कपाटासमोर उभं राहून सहज एक डबा उघडलास. त्यातलं एक तपकिरी बटण उचललंस, चार भोकांचं, कडेला चीर गेलेलं, आणि विचारलंस, "हे कुणाचं रे?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. तुझ्या ते लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पंचवीसेक वर्षं मी ते बटण सांभाळलं, तीन घरं बदलली तेव्हा प्रत्येक वेळी ते बरोबर आलं, आणि ते कुणाच्या सदऱ्याचं होतं हे आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

तेव्हापासून दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की मी एकेक डबा उघडून बसतो. एकोणीस डबे, दोन खोके आणि एक पत्र्याची पेटी. काल शेवटचा डबा संपला. म्हणून आज तुला सविस्तर लिहायला बसलोय. शिवाय तुझ्याकडे एक कामही आहे, ते शेवटी सांगतो.

तू मला शाळेपासून ओळखतोस. माझे खिसे कधीच रिकामे नसायचे. आजही रात्री झोपायच्या आधी खिसे टेबलावर उलटे करतो: एखादं तिकीट, पेनचं टोपण, वाटेत सापडलेला वॉशर, कुणीतरी पत्ता लिहून दिलेला कागदाचा कपटा. त्यातलं काय ठेवायचं हे हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून. चालताना माझी नजर जमिनीवर असते, त्यामुळे शेजारून कोण गेलं ते कळत नाही, पण पडलेली किल्ली वीस पावलांवरून दिसते. नवी वही घेतली तर दोन घेतो, एक लिहायला आणि एक तशीच ठेवायला. चांगलं, घट्ट झाकणाचं खोकं माझ्याच्यानं टाकवत नाही. पार्सल आलं की घरचे आतली वस्तू बघतात आणि मी खोकं बघतो. मोठ्या खोक्यात लहान, लहानात आणखी लहान, असे रिकामे खोकेच एका फळीभर झाले होते. ते मात्र या दोन महिन्यांत काढून टाकले. त्यांना काही सांगायचं नव्हतं.

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याचं माझ्यासारखं नसतं. त्याच्यापुढे यादी असते. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, १८४० साली ब्रिटनमध्ये निघालं, तिथपासून सगळं छापील सूचीत सापडतं. आपल्याकडे काय आहे, काय नाही, कुठलं एक मिळालं की संच पुरा होईल, हे त्याला नेमकं माहीत असतं, आणि त्याची तगमग त्या एका रिकाम्या चौकटीपाशी असते. माझ्याकडे चौकटच नाही. माझ्या संग्रहात काही कमी आहे असं म्हणता येत नाही, तसंच तो पुरा झाला असंही कधी म्हणता येणार नाही. लहानपणी आपण दोघं पाकिटावरचे तिकिटाचे तुकडे कापून पाण्यात भिजत घालायचो, आठवतं? तू तिकिटं उचलायचास आणि मी उरलेले शिक्क्याचे कागद वाळवून ठेवायचो. तो फरक तेव्हापासूनचा आहे.

प्रवासाहून विकत आणलेल्या वस्तूंबद्दल माझं मत तुला आवडणार नाही, कारण तू फ्रिजवर लावायची चुंबकं हौसेनं आणतोस. मला त्या वस्तूंत ते ठिकाण दिसत नाही. तसलंच चुंबक, नुसतं नाव बदललेलं, दुसऱ्या गावीही मिळतं. त्यापेक्षा आत शिरताना हातात आलेलं, फाडून अर्धं झालेलं, दिवसभर खिशात मळलेलं प्रवेशपत्रिकेचं टोक मला जास्त खरं वाटतं. ते त्या दिवशी तिथे होतं. अर्थात एखादी विकत मिळणारी वस्तूही जीव लावून घडवलेली असते. हलवल्यावर आत बर्फ पडतो तो काचेचा गोळा घे. व्हिएन्नातल्या एर्विन पेर्झी नावाच्या कारागिरानं १९००च्या सुमारास तो बनवायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्यात ते काम अजून चालू आहे. असा एक गोळा मला कुणीतरी दिलेला आहे. तो मी हलवत नाही, नुसता बघतो.

दगड, शंख, शिंपले मात्र मी पूर्वी मूठभरून आणायचो आणि आता आणत नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एक राष्ट्रीय उद्यान आहे, झाडं दगड होऊन पडलेलं जंगल. तिथून लोक गुपचूप तुकडे उचलून नेतात आणि पुढे कधीतरी मन खायला लागलं की पत्र लिहून टपालानं परत पाठवतात. पण कुठला तुकडा नेमका कुठे पडला होता हे कळायला मार्ग नसतो, आणि चुकीच्या जागी ठेवला तर अभ्यासकांची दिशाभूल होईल, म्हणून परत आलेले सगळे तुकडे एका रस्त्याकडेला ढिगात टाकतात. हे वाचलं त्या रात्री मी माझा दगडांचा डबा उघडला होता. अठ्ठावीस दगड. परत नेऊन ठेवायचे म्हटलं तर पाचांचीच जागा मला सांगता आली. आणि शंखांचं तर असं की त्यांत संन्यासी खेकडा घर करतो. मी उचललेला शंख त्याच्या उपयोगाचा होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळावं याचं वाईट वाटतं.

आता ती गोष्ट, जी मी तुला इतकी वर्षं सांगितली नाही.

आपण दोघांनी केलेला तो रात्रीचा लांबचा प्रवास. पाऊस, बंद पडलेली बस, पहाटेपर्यंत रस्त्याकडेला बसून मारलेल्या गप्पा. त्या रात्री तू मला तुझ्या वडिलांबद्दल पहिल्यांदा सांगितलंस. ते तिकीट मी जिवापाड जपलं होतं. चारपाच वर्षांनी पाहिलं तर अक्षरं फिकी झालेली. घाबरलो, आणि जायच्या आत वाचवावं म्हणून धावत जाऊन लॅमिनेशन करायला दिलं. यंत्रातून बाहेर आला तो प्लॅस्टिकमधला कोरा काळा चौकोन. एक अक्षर उरलं नव्हतं.

पुढे कळलं की त्या कागदावर शाई नसतेच. यंत्रातून निघणारी हल्लीची बरीचशी तिकिटं आणि पावत्या औष्णिक कागदावर छापलेल्या असतात. कागदाच्या लेपात रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं दुसरं रसायन शेजारीशेजारी असतात. छापणारं यंत्र फक्त नेमक्या ठिकाणी उष्णता देतं आणि तेवढाच भाग काळा होतो. मी तर सगळ्या कागदालाच उष्णता दिली. ऊन लागलं, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं किंवा नुसतीच वर्षं गेली तरी ती अक्षरं उडतात. माझ्या तिकिटांच्या डब्यात निम्म्याहून जास्त कागद आता पांढरे आहेत. कुठे जरा करडी सावली, कुठे तीही नाही.

तो काळा चौकोन मी टाकला नाही. पण त्या दिवसापासून दोन सवयी लावून घेतल्या. एक, असलं तिकीट आलं की त्याच आठवड्यात त्याची नक्कल काढून ठेवायची. दुसरी, प्रत्येक वस्तूबरोबर शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, कारण पेन्सिलीचं अक्षर उडत नाही आणि ओल लागली तरी पसरत नाही. रबरबँड कशालाही लावायचा नाही, तो आधी चिकट होतो, मग कडक होऊन तुटतो आणि कागदावर डाग सोडून जातो. टाचण्या नाहीत, स्टेपल नाहीत, सेलोटेप तर मुळीच नाही. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी, कारण त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. यातलं काही अवघड नाही, फक्त वेळेवर कळायला हवं होतं. बटणाच्या काळात मी चिठ्ठ्या लिहीत नव्हतो.

घरी याचा त्रास होतो का, असं तू हळूच विचारलं होतंस. होतो. काही वर्षांपूर्वी मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर माझे दोन डबे "चार दिवसांसाठी" गेले आणि आठ महिने राहिले. ती काही न बोलता जमिनीवर बसून अभ्यास करायची. एक दिवस मी ते नीट पाहिलं आणि मला भीती वाटली. साठवून ठेवण्याच्या आजाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून स्वतंत्र नाव आहे. त्याची एक ठळक खूण अशी की राहत्या जागा ज्या कामासाठी असतात ते काम तिथे करता येईनासं होतं. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४७ साली कॉलियर नावाचे दोन भाऊ आपल्याच घरातल्या सामानात मेलेले सापडले. एक ढिगाखाली गाडला गेला होता, दुसरा आंधळा आणि पंगू, भावावाचून उपाशी गेला. त्या घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं. हे वाचून मला कुणाला हसावंसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी टेबल मोकळं केलं आणि बायकोला शब्द दिला: हे एक कपाट आणि पेटी, याबाहेर काही जाणार नाही. नवं आत यायचं तर जुनं बाहेर. शब्द पाळलाय, तूच पाहिलंस.

"फोटो काढ आणि वस्तू टाक," हा तुझा सल्ला मी मनावर घेतला होता, बरं का. तो चुकीचाही नाही. २०१७ साली एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की आठवणीच्या वस्तूंचा आधी फोटो काढायला सांगितलं की लोक त्या जास्त सहजपणे दान करतात. मला कीचेन आवडतात असं मी एकदा कुणापाशी बोललो आणि त्यानंतर दहा वर्षं जो येईल तो कीचेन घेऊन आला. बहात्तर झाले होते. प्रेमानं दिलेले, म्हणून टाकवत नव्हते. त्या सगळ्यांचे फोटो काढले, कुणी दिला ते लिहिलं आणि देऊन टाकले. मन हलकं झालं. पण आईच्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रिकामी रीळ फोटोत मावली नाही. तिला अजून त्या डब्याचा वास आहे. बोटात धरली की आई सुईत दोरा ओवताना डोळे कसे बारीक करायची ते दिसतं. फोटो काढला, पाहिला, आणि रीळ परत जागच्या जागी ठेवली.

या दोन महिन्यांत मला दिनकर केळकरांची फार आठवण येत होती. चष्म्याचं दुकान चालवणारा, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारा माणूस, आणि उभं आयुष्य त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी जमवण्यात घातलं. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते त्या. सुमारे वीस हजार वस्तूंचं ते संग्रहालय आज पुण्यात त्यांच्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं आहे. तो लहान वयातच गेला होता. मला नेहमी वाटतं की एखाद्या अनोळखी बाईनं रोज हातात धरलेला दिवा जपावासा वाटणं आणि आपलं मूल आठवणं या दोन गोष्टी त्या माणसाच्या मनात एकाच जागी असतील. हा माझा अंदाज आहे, पण त्या दालनांतून चालताना तो खोटा वाटत नाही.

दुसरा अँडी वॉरहॉल, अमेरिकेतला चित्रकार. १९७४ पासून त्यानं टेबलावरचं जे काही असेल ते, पत्रं, पावत्या, कात्रणं, शेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकायला सुरुवात केली. खोकं भरलं की बंद. अशी ६१० खोकी आणि खण तो मागे ठेवून गेला आणि पिट्सबर्गच्या त्याच्या संग्रहालयातल्या लोकांना ती एकेक वस्तू उघडून, नोंदवून काढायला वर्षानुवर्षं लागली. तो मोठा कलावंत, त्याच्या बटणाचा शोध घ्यायला माणसं नेमली गेली. माझ्या बटणाचा शोध मलाच घ्यायला हवा.

म्हणून हिशोब मांडला. एकूण १,१४० वस्तू. चिठ्ठी असलेल्या किंवा आता आठवून लिहिता आलेल्या १,०९७. उरल्या त्रेचाळीस. त्या मी वेगळ्या ताटात मांडून ठेवल्यात आणि जुन्या ओळखीच्या माणसांना एकेक करून विचारतोय. बहिणीनं फोनवर दोन ओळखल्या, त्यातली एक तर माझी नव्हतीच, तिचीच होती. ती तिला पाठवून दिली. बटण मात्र कुणालाच ओळखता आलं नाही.

आता तुझं काम. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी एक घडी घातलेली पुडी होती. वर माझ्या अक्षरात तुझं नाव आणि खाली दोनच शब्द: "ह्याला विचारणे". आत एक किल्ली. अंगठ्याच्या पेराएवढी, पितळी, दात फक्त दोन, डोक्याला गोल भोक आणि भोकात निळ्या दोऱ्याची गाठ. गाठ तुझ्या पद्धतीची आहे, दोनदा उलटी मारलेली, तू बुटाच्या नाडीला मारायचास तशी. किल्ली टपालात हरवेल म्हणून पाठवत नाही. या पानाच्या समासात तिच्याभोवती पेन्सिल फिरवून आकार काढलाय, अगदी खऱ्या मापाचा. कशाची आहे, आणि मी तेव्हाच तुला का विचारलं नाही, हे तुला आठवत असेल तर लगेच कळव. एखादी पेटी, डायरी, तुझी जुनी सायकल, काहीही. नाहीच आठवलं तर तसंही लिही, मी तेच चिठ्ठीवर लिहून ठेवीन.

घरी सर्वांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र

ता. क. उत्तर टपालानंच पाठव. आणि पाकिटावरचं तिकीट नीट लाव, शिक्का अर्ध्यावर येईल असं.