आधी पायलटचे भाडे, मग क्ष

महोदय,

बीजगणिताची सुरुवात करताना मुलांना ‘क्ष म्हणजे कोणतीही संख्या’ एवढेच सांगून थेट उदाहरणे दिली जातात. मग १०क्ष मध्ये क्ष = ६ घालताना मूल १०६ लिहून मोकळे होते! मधले गुणिले चिन्ह गाळलेले असते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. त्यापेक्षा म्हापशातला पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवरून नेणारा, घ्या. बसल्याबसल्या २० रुपये, पुढे किलोमीटरला १० असे धरू (खरे भाडे न विचारलेलेच बरे). २० + १०क्ष ही राशी मुले आपणहून मांडतील. सहा किलोमीटरचे ८० रुपये. ११० दिले तर अंतर किती, हे समीकरणही तिथेच सुटेल. प्राथमिक शिक्षण मराठीतून होऊन आता इंग्रजीतून गणित शिकणाऱ्यांना शाब्दिक उदाहरणे निदान पहिले सत्र मराठीतूनही समजावावीत.

– एक पालक, म्हापसा