निर्दोष सुटकेनंतर हक्काची भरपाई कुठे?

संपादक महोदय,

भोकरदनच्या २००३ मधील खून-दरोडा प्रकरणात फाशी सुनावलेल्या भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये निर्दोष सोडले. घटनेतून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही! सुटलेल्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये मिळाले, पण ते न्यायालयाने विशेष अधिकार वापरून दिले म्हणून. कायद्याने हक्काचे म्हणावे असे फारसे काही नाही. फौजदारी प्रक्रियेचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली, विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून जास्तीत जास्त एक हजार रुपये. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत घटनेपासून एक वर्ष. कोठडीतल्या माणसाची ती आतच संपते. उरते उच्च न्यायालयातील रिट याचिका, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट दाद मागणे, आणि तिचा खर्च.

कायदेसुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाच्या, चुकीच्या खटल्यांवरील २७७व्या अहवालाने २०१८ मध्येच विशेष न्यायालये, अंतरिम मदत आणि समुपदेशन सुचवले होते. मुंबईच्या २००६ मधील रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक वाहिद शेख उरलेल्या सहआरोपींसाठी लढत राहिले. अशी जिद्द सर्वांकडून कशी अपेक्षावी? येत्या अधिवेशनात आमदार-खासदारांनी हा अहवाल मांडून भरपाईच्या कायद्याची तारीख मागावी.

– फौजदारी खटले चालवणारा एक वकील, नाशिक