तीन सुती नळीचा पक्का जोड : एक आभारपत्र

स.न.वि.वि.

आपले नाव कुठे छापून आलेले तुम्हाला आवडत नाही, हे तुम्ही बोलण्याच्या ओघात एकदा सांगितले होते, म्हणून या पत्रात ते लिहीत नाही. परंतु आभार चारचौघांत मानावेत असे मनापासून वाटते. आमच्या निवासातील एसी आणि फ्रिज दुरुस्त करायला तुम्ही चार वर्षे येत आहात. या वर्षी तुम्ही माझे बंद पडलेले हौशी रेडिओचे (छंद म्हणून परवाना घेऊन दूरदूरच्या लोकांशी संपर्क साधण्याचे) स्टेशन पुन्हा सुरू करून दिलेत.

माझी सारी नोकरी तार कार्यालयात झाली. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली, तेव्हा मी निवृत्त होते; पण मोर्सची की (टिंब-रेषांचे संकेत पाठवायची खटकी) हातातून सुटली नव्हती, कारण हौशी रेडिओचा परवाना मी त्याच्या कितीतरी आधी काढला होता. कऱ्हाडच्या घरी अंगणातल्या नारळापासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वीस मीटर तार ताणलेली असे. सात मेगाहर्ट्झच्या साध्या डायपोलला, म्हणजे सरळ तारेच्या अँटेनाला, एवढी लांबी लागतेच. ते घर सोडून मी पुण्याजवळच्या या ज्येष्ठ नागरिक निवासात आले, परवान्यावरचा पत्ता बदलून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात नियम समजले : गच्चीवर तार नको, भिंतीला खिळा नको, बाल्कनीच्या कठड्याबाहेर काहीही लोंबता कामा नये. या नियमांविषयी माझी तक्रार नाही. वळवाच्या दिवसांत इथे विजा कशा पडतात ते मी पाहिले आहे, आणि व्यवस्थापनावर साठ वृद्धांची जबाबदारी आहे. मात्र रेडिओ कपाटात गेला आणि दीड वर्ष तिथेच राहिला.

माझ्याजवळ उरली होती ती आठ फूट लांब आणि चार फूट रुंद बाल्कनी. एवढ्या जागेत मावणारा अँटेनाचा प्रकार मला पुस्तकातून माहीत होता : तांब्याच्या नळीचे एक कडे, त्याची दोन टोके एका बदलत्या कंडेन्सरला (वीजभार साठवणाऱ्या, फिरवून जुळवता येणाऱ्या भागाला) जोडलेली, आणि कड्याच्या आत त्याच्या एक पंचमांश व्यासाचे कोॲक्स केबलचे छोटे वेटोळे, ज्यातून रेडिओची ऊर्जा मोठ्या कड्यात जाते. त्याला मॅग्नेटिक लूप म्हणतात. तुमच्याकडे मी फक्त नळीचा एखादा तुकडा मागितला होता. तुम्ही बसवण्याच्या कामातून उरलेली दहा फूट तीन सुती (तीन अष्टमांश इंची) नळी आणलीत आणि जेवणाच्या खोलीतील तीन फुटी गोल टेबलाच्या कडेने, तळव्याने दाबत दाबत, अशी वळवलीत की तिच्यावर एकही चुणी पडली नाही. "नळी पोकळ आहे, मावशी, चालेल का?" असे तुम्ही विचारले होते. मला हव्या असलेल्या चौदा मेगाहर्ट्झच्या वारंवारतेला वीजप्रवाह धातूच्या वरच्या पापुद्र्यातूनच, मिलिमीटरच्या दोन शतांश भागातूनच वाहतो, म्हणून पोकळी आड येत नाही, असे मी सांगितले. ते तुमच्या लक्षात राहिले, आणि पुढे तेच माझ्या उपयोगी पडले.

कारण पहिली चूक माझी होती. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला दोन भागांचा गँग कंडेन्सर मी नटबोल्टने नळीच्या टोकांना आवळला. ट्यूनिंग सहज जमले, एसडब्ल्यूआर (रेडिओ आणि अँटेना किती जुळले ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका बरा) खाली आला आणि बँडच्या, म्हणजे हौशींच्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या, बऱ्याच मोठ्या भागात तो खालीच राहिला, याचा मला आनंदच झाला. पाच दिवस रोज सायंकाळी मी हाक देत राहिले. एकाही स्टेशनने उत्तर दिले नाही.

सहाव्या दिवशी तुम्ही कॉरिडॉरमधला एसी उघडायला आला होतात. बाल्कनीत डोकावून तुम्ही तो बोल्ट बोटांनी चाचपला आणि म्हणालात, "मावशी, हा जोड नव्हे, हा नुसता टेकू आहे. यातून गॅससुद्धा थांबला नसता." हे वाक्य ऐकताच मला माझी चूक दिसली. चौदा मेगाहर्ट्झची लहर एकवीस मीटरची आणि आपले कडे जेमतेम तीन मीटर घेराचे. एवढ्या लहान कड्याचा प्रारण-प्रतिरोध (हवेत लहरी होऊन जाणारी शक्ती ज्या प्रतिरोधाने मोजतात तो) एक दशांश ओहमही भरत नाही. सांध्यात तेवढाच प्रतिरोध असला तरी निम्मी शक्ती हवेत न जाता सांध्यातच तापून संपते. जी रुंद ट्यूनिंग मला गुण वाटली होती, ती खरे तर गळतीची खूण होती.

त्या दिवशी तुम्ही जेवणाची सुट्टी माझ्यासाठी दिलीत. नळीची टोके पॉलिश पेपरने घासून, तांब्याच्या रुंद पट्ट्या कापून, गॅसची ज्योत निळी करून तुम्ही ब्रेझिंगला, म्हणजे धातूची सळई वितळवून सांधा जोडायला, बसलात. पट्टी आधी काळवंडली, मग लालसर झाली, आणि सळईचे टोक टेकताच वितळलेला धातू सांध्याच्या फटीत आपोआप ओढला गेला. तुम्ही ज्योत बाजूला घेतलीत, पण नळी थंड होईपर्यंत हात तसूभरही हलवला नाहीत. तार कार्यालयात मी सोल्डरिंग खूप पाहिले आहे. असा जोड पाहिला नव्हता. कंडेन्सरला ती ज्योत सोसली नसती, म्हणून पट्ट्यांची दुसरी टोके मी माझ्या मोठ्या सोल्डरिंग आयर्नने कंडेन्सरच्या दोन स्थिर भागांना डाखली. फिरता भाग दोन्ही विभागांना सामाईक असल्यामुळे प्रवाहाच्या वाटेत सरकता स्पर्श कुठेच उरला नाही.

पाच वॉट शक्तीलाही त्या कंडेन्सरवर हजाराहून अधिक व्होल्ट येतात, हे सांगितल्यावर तुम्ही त्याला प्लास्टिकच्या डब्यात बंद केलेत आणि खोलीतूनच फिरवता येईल असा प्लास्टिक नळीचा लांब दांडा बसवलात. रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट ओतून दीड इंची पीव्हीसी पाइप रोवलात आणि त्यात सव्वा इंची पाइप सैल सोडलात, म्हणजे कडे हाताने फिरावे. यामुळे किती मोठी सोय झाली ते तेव्हा तुम्हालाही ठाऊक नसेल. कड्याचा पृष्ठभाग ज्या दिशेला सामोरा असतो, त्या दिशेचे त्याला फार कमी ऐकू येते. कॉरिडॉरच्या एलईडी दिव्यांची खरखर मी आता कडे थोडे फिरवून जवळजवळ पुसून टाकते. शेजारच्या खोलीतील आजोबांना पेसमेकर आहे, म्हणून ते कडे त्यांच्या भिंतीपासून दूरच्या टोकाला ठेवावे, हेही तुम्हीच सुचवलेत. मी पाच वॉटच्या वर जात नाही आणि पाठवताना बाल्कनीत कोणाला उभे राहू देत नाही. व्यवस्थापकांना हे सगळे तुम्ही शांतपणे समजावून सांगितलेत, म्हणूनच परवानगी मिळाली, याची मला जाणीव आहे.

नव्या जोडानंतर ट्यूनिंग अरुंद झाले. वीसएक किलोहर्ट्झ सरकले की पुन्हा दांडा फिरवावा लागतो. त्याच सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) पाठवला आणि तिसऱ्या हाकेला इटलीतील एका स्टेशनने उत्तर दिले. त्याने मला ४४९ असा अहवाल दिला, म्हणजे संकेत बेताचा, पण वाचता येण्याजोगा. दीड वर्षानंतर माझी कॉल साइन (परवान्यावरचे स्टेशनचे सांकेतिक नाव) कोणीतरी परत उच्चारत होते. माझा हात थरथरला आणि एक अक्षर चुकले. त्याने ते समजून घेतले.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचारले होते, आणि मी १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी संपर्क कसा सांभाळला ते सांगू लागले. तेव्हा तुम्ही थांबवून म्हणालात की, तुमचे गाव निलंगा तालुक्यातले. विसर्जनानंतरच्या त्या पहाटे तुम्ही आठ वर्षांचे होतात आणि पुढचे कित्येक दिवस शेतात झोपलात. त्यानंतर आपण दोघेही बराच वेळ बोललो नाही. तुम्ही नळीचे पैसे का घेतले नाहीत, हे मी त्या दिवसापासून पुन्हा विचारलेले नाही.

तुमची कन्या आठवीत आहे आणि तिने मोर्सविषयी विचारले, असे तुम्ही मागच्या वेळी सांगितलेत. हौशी रेडिओच्या परीक्षेला बारा वर्षे पूर्ण असली की बसता येते. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन या. माझी जुनी पितळी की मी घासूनपुसून ठेवली आहे आणि पहिल्या दिवशी शिकवायची अक्षरेही कागदावर काढली आहेत. सायंकाळी साडेपाचपर्यंत पोहोचलात तर तिला युरोप ऐकता येईल.

आपली कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरची मावशी