नाव आठवत नाही म्हणून धास्तावू नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ओळखीचा माणूस समोर उभा असतो आणि त्याचं नाव ओठांवर येऊन अडतं, याची तुम्ही फार धास्ती घेतली आहे. फोनवर हे नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

वय वाढलं की सगळ्यात आधी नावंच अडतात, आणि त्याला कारण आहे. तो माणूस कुठे राहायचा, काय काम करायचा, कुणाचा भाऊ, या गोष्टी एकमेकींना धरून असतात. एक आठवली की दुसरी येते. नावाला असा आधार नसतो. पण तेच नाव संध्याकाळी भाजी चिरताना आपोआप आठवतं ना? म्हणजे ते पुसलं गेलेलं नव्हतं, सापडायला वेळ लागला.

स्मरणशक्ती ही एकच गोष्ट नाही, हे मला हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाबद्दल वाचताना खरं कळलं. फिट्सचा आजार कमी व्हावा म्हणून 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूतल्या भागाचा, मोठा तुकडा काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेलं माणूस काही मिनिटांत त्याच्या मनातून जायचं. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेट त्याच्यासाठी पहिलीच होती. लहानपणचं मात्र त्याला आठवायचं. मिल्नरबाईंनी त्याला आरशात बघून दुहेरी रेघेने काढलेल्या चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, आणि हे आपण आधी कधी केलंय याची त्याला दर वेळी कल्पनाच नसायची! 2008 मध्ये तो गेला. आज स्मृतीबद्दल जे माहीत आहे त्यातलं कितीतरी या एका माणसामुळे. त्याच्याबद्दल वाचताना मला भरून येतं.

आई, तुझ्या मोदकाच्या कळ्या न मोजता सारख्या पडतात, ती हाताची आठवण वेगळ्या जागी असते. वय झालं तरी ती बरीच टिकते. शब्दांचे अर्थ, पाठ झालेली रामरक्षा, हेही टिकतं. मागे पडतं ते काल-परवाचं.

आता तुमच्या भांडणाबद्दल. पेणहून गणपती एसटीने आणला की टेम्पोने, यावर दोघंही शपथेवर बोलता. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना मधलं ऐकलेलं-बोललेलंही तिच्यात मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1974 मध्ये लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता. आठवड्याने चक्काचूरवाल्यांपैकी जास्त जणांना फुटलेली काच आठवली. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा बाबा, आईला "तू खोटं बोलतेस" असं म्हणू नका. तिला तसंच दिसत असतं.

मात्र काही गोष्टी वयावर ढकलायच्या नाहीत. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, नेहमीचा बँकेचा हिशेब न जमणं, असं दिसलं तर लगेच सांगा. बाबा, तुमची मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी फार वर्षं चालू आहे. तिने बी-12 कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाचं तर आणखी सहज, आणि बी-12 कमी झालं की विसरायला होतं. ते भरून काढता येतं. थायरॉइडही तपासा. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. आणि कान! नाव नीट ऐकूच आलं नाही तर ते लक्षात राहणार कसं? कानाच्या यंत्राची लाज धरू नका.

आई, तू बरोबर जा आणि तुझंही रक्त तपासून घे. रिपोर्ट आले की फोटो पाठवा. मग पुढे कुणाला दाखवायचं ते आपण ठरवू.

तुमची,
लेक