दत्ता, हे तुलाच विचारतोय

कोलवडी, जि. पुणे

प्रिय दत्ता,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचे गुडघे तसेच, बाकी ठीक.

आपली गाय गौरी गाभडली. सातवा महिना होता. मंगळवारी दुपारी वैरण टाकत होतो आणि एक विमान गोठ्याच्या पत्र्यावरून गेलं. कुठल्या तळावरचं, कसलं, मी पाहिलंच नाही. गौरीनं असा हिसका दिला की खुंटा उपटला आणि ती गव्हाणीच्या दगडावर पोटावर आदळली. दुसऱ्या रात्री वासरू पडलं, मेलेलं. शेपटीच्या टोकाला तेवढे केस आले होते रे. डॉक्टर म्हणतात, धक्क्यानं होतं तसं रोगानंही होतं. रक्त तपासायला नेलंय. मी आदळताना पाहिलंय, माझं मन मानत नाही.

गावात बोललो तर म्हणतात, देशासाठी एवढं सोसायचं. हे मला शिकवायचं? २०१४ च्या ऑक्टोबरात थेऊरजवळ हवाई दलाचं सुखोई विमान पडलं, तेव्हा तू फौजेतून सुट्टीवर आला होतास. दोघंही वैमानिक वाचले कळल्यावर आपण दोघं बांधावर बसून रडलो होतो. रडार चुकवायचं तर खालूनच उडायला शिकावं लागतं, हेही तूच समजावलंस. (भरतीला पळायला माझे बूट नेलेस, ते मात्र अजून आले नाहीत. विसरलो नाहीये.)

सराव बंद करा असं मी म्हणत नाही. उंचावरचं विमान लांबून ऐकू येतं, आवाज वाढत वाढत येतो. म्हैस मानसुद्धा वर करत नाही. खालून वेगात येणारं एकदम अंगावर कोसळतं. ताईची धाकटी अजून पत्रा वाजला तरी कान झाकते. डीजेवाल्याला वस्तीत दिवसा ५५ डेसिबलचा नियम दाखवता येतो, आभाळाला काय दाखवू? आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत एक निरोप आला असता, तर मी गौरीला मोकळी सोडली असती, पोरीला घरात घेतलं असतं. एवढंच हवंय.

चिनूची दहावी कशी चाललीय? बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

आधी निरोप मिळावा म्हणून अर्ज कुणाच्या नावे करायचा, ते सांग. तुझं नाव कुठंही येणार नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडायचाय, त्याआधी मसुदा तुझ्या नजरेखालून जायला हवा. रविवारी फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझा,
बाळू