मंत्रिमहोदय, आठवडा किती दिवसांचा असतो?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात, मी २०११ पासून रसायनशास्त्र शिकवते. आजवर कोणत्याही मंत्र्याला पत्र लिहिलेले नाही. गेल्या सोमवारी माझी स्थाननिश्चितीची, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाण्याची, फाइल सहसंचालक कार्यालयातून दुसऱ्यांदा परत आली. वर पेन्सिलने एक ओळ लिहिलेली होती : ‘वर्ग दोन आठवड्यांचा नाही, त्रुटीपूर्तता करावी.’ पेन्सिलने, म्हणजे उद्या कुणी विचारले तर खोडता येईल.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून नियम थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये विनियम काढले. राज्याने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने ते लागू केले. वेतनाच्या लेव्हल ११ वरून १२ वर जायचे तर दोन-दोन आठवड्यांचे दोन प्रशिक्षण वर्ग हवेत, आणि तिथेच कंसात ‘दहा दिवस’ असे छापलेले आहे. अशा एका वर्गाऐवजी एकेका आठवड्याचे, कंसात पाच दिवसांचे, दोन वर्ग चालतील असेही पुढे म्हटले आहे. मी २०१७ मध्ये एक पूर्ण रिफ्रेशर, म्हणजे विषयाचा उजळणी वर्ग, केला आणि दुसऱ्याच्या जागी आठवड्याचे दोन वर्ग केले. टेबलावरचे साहेब म्हणाले, आठवडा सात दिवसांचा असतो, तुमचे प्रमाणपत्र सोमवार ते शनिवारचे आहे. मी विनियमाचे पान उघडून समोर धरले. त्यांनी पानाकडे पाहिले नाही. ‘आम्हाला वरून तोंडी सूचना आहेत,’ एवढेच बोलले. जिना उतरताना शिपाईमामांनी गाठले आणि हळूच म्हणाले, ‘मॅडम, साहेबांना एकदा वेगळं भेटून घ्या.’

मी वेगळी भेटणार नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी प्राध्यापकांच्या सभेत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माईकवरून शब्द दिला होता, दिवाळीपर्यंत एकही फाइल टेबलावर राहणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन सासूबाईंनाही सांगितले. आता त्या विचारतात, झालं का गं तुझं काम, आणि मी विषय बदलते.

या अडवणुकीची किंमतही सांगते. लेव्हल १२ चे मूळ वेतन ७९,८०० पासून सुरू होते, तिथे तीन वर्षे काढली की मिळणाऱ्या १३ए चे १,३१,४०० पासून. मला १२ ची लेव्हल जुलै २०२० ला लागायला हवी होती, १३ए जुलै २०२३ ला. एक पायरी अडली की पुढची आपोआप अडते. नव्याने वर्ग करून प्रमाणपत्र आणा म्हणतात, पण तसे केले तर पात्रतेची तारीखच तो वर्ग संपल्याच्या दुसऱ्या दिवसावर सरकते. मधली वर्षे गेली ती गेली. मुलीचे अकरावीचे शुल्क भरताना मी पतपेढीचे कर्ज काढले आहे, महोदय. कंसातले दोन शब्द कुणी वाचले नाहीत म्हणून.

प्रशिक्षणाला माझा विरोध आहे असे समजू नका. माझ्या इतके त्याचे मोल कुणाला कळणार? २०१३ च्या हिवाळ्यात मी चार आठवड्यांच्या ओरिएंटेशनला, नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला, गेले तेव्हा धाकटा दहा महिन्यांचा होता. त्याला सासूबाईंजवळ ठेवून गेले. वसतिगृहाच्या न्हाणीत दूध पिळून टाकताना रडले आहे. पण त्या वर्गात एका वयस्क सरांनी आम्हा प्रत्येकाला पंधरा मिनिटे शिकवायला लावले, कॅमेऱ्यात टिपले आणि सगळ्यांसमोर दाखवले. मी रासायनिक बंध शिकवत होते. पंधरातली बहुतेक मिनिटे माझी पाठ वर्गाकडे होती. फळा सुंदर भरला होता, आणि मागच्या बाकावरचे दोघे एकमेकांशी बोलत होते. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘बाई, हे कुणाला शिकवत होतात?’ त्या दिवसापासून मी फळ्यावर तीन ओळींपेक्षा जास्त सलग लिहीत नाही. माझी नोकरी सुरू झाली २०११ ला, पण मी शिक्षिका झाले ती त्या दुपारी.

आणि मे २०२० चा तो आठवडा, ज्याला तुमचे कार्यालय आठवडा मानत नाही. टाळेबंदी. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे. सावली सरकली की खुर्ची सरकवायची. फोन तापून बंद पडायचा, तो ओल्या फडक्यावर ठेवायचा. दर सत्राच्या शेवटी हजेरीची लिंक पाच मिनिटांसाठी उघडायची. ती चुकू नये म्हणून जेवणाचे ताट गच्चीवर मागवले आहे. त्या आठवड्यात मी काय शिकले? खरे सांगते, फार थोडे. वक्ते स्लाइड वाचत होते आणि शंभर जणांचे कॅमेरे बंद होते. चार आठवडे समोरासमोर बसवणारे प्रशिक्षण लिंकवर आणून ठेवले ते आम्ही नाही. आणि आता त्या लिंकचेही दिवस मोजता!

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. २०१५ मध्ये त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. देशभरात शंभरावर केंद्रे आहेत. पाट्या दोनदा बदलल्या. माझ्या विभागात मंजूर पदे चार आहेत, भरलेली दोन, हे मात्र तेव्हाही होते आणि आजही आहे. वर्गाला जायचे म्हटले की प्राचार्य विचारतात, ‘प्रॅक्टिकल कोण घेणार?’ ते चुकीचे विचारत नाहीत.

उरलेल्या दोन जागांवर तासिका तत्त्वावरचे दोघे आहेत. एकाची पीएच.डी. झाली आहे, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही झाली आहे. माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. पण वर्गाला गेला तर तास बुडणार, तास बुडला की मानधन बुडणार, आणि मानधन येते तेही सहा-सहा महिन्यांनी. नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) हे सगळे २०२४ पासून आमच्या गावापर्यंत आले. भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर त्यालाच दिला. त्याची तयारी म्हणजे दोन तासांचे एक ऑनलाइन भाषण. त्याने यूट्यूब पाहून टिपणे काढली आणि मुलांपुढे उभा राहिला. त्याला काय म्हणून दोष द्यायचा?

आमच्या प्रयोगशाळेतले मामा वीस वर्षांहून अधिक काळ तिथे आहेत. तीव्र सल्फ्युरिक आम्ल सौम्य करण्याचे काम तेच करतात. मी रुजू झाले तेव्हा ते आम्लात पाणी ओतत असत. त्यांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा रुपयाएवढा डाग आहे. पाण्यात आम्ल, थेंबाथेंबाने, ढवळत, हे त्यांना मी सांगितले. या एवढ्या वर्षांत त्यांना एका दिवसाचेही प्रशिक्षण मिळालेले नाही. कार्यालयातल्या क्लार्कताई परीक्षेचे नवे पोर्टल स्वतःच्या भाच्याकडून शिकल्या. शिक्षकेतर म्हणजे शिकण्याच्या पलीकडचे, असा अर्थ आहे का तुमच्या खात्यात?

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के खर्च करा, असे त्या आयोगाने १९६६ मध्ये लिहिले. २०२० च्या धोरणानेही पुन्हा सहा टक्केच लिहिले. चोपन्न वर्षे तोच आकडा लिहीत राहायचा आणि हिशेब मागायचा तो आमच्या सोमवार-शनिवारचा! पैसे नाहीत म्हणता, मग पदे भरत नाही. पदे नाहीत, म्हणून रजा नाही. रजा नाही, म्हणून घाईचे ऑनलाइन वर्ग, आणि वर्ग घाईचा म्हणून फाइल परत. हे चक्र तुम्ही आखले नसेल, पण आज खुर्ची तुमची आहे.

मागणे चार आहे. पाच दिवसांचा आठवडा ग्राह्य आहे, असे एका ओळीचे लेखी परिपत्रक सर्व सहसंचालकांना जाऊ द्या. त्रुटी पेन्सिलने नको, सहीशिक्क्याने आणि नियमाचे कलम लिहून कळवा. तासिकेवरच्यांना वर्गाच्या दिवसांचे मानधन द्या, आणि प्रयोगशाळेतल्या मामांना निदान दोन दिवस तरी कुणीतरी नीट शिकवा.

येत्या मंगळवारी मला तिसऱ्यांदा त्या कार्यालयात बोलावले आहे. त्या दिवशी माझे द्वितीय वर्षाचे प्रॅक्टिकल आहे. ते मी बुडवणार नाही, गुरुवारी जाईन. तोवर विनियमाचे ते पान लॅमिनेट करून घेतले आहे.

आपली,
रसायनशास्त्राची एक सहायक प्राध्यापिका